रांजण, घागर, पणती : कामाला साजेसा कॉम्प्युटर जुळवताना

असे धरून चालू की तुमचा छोटा स्टुडिओ कुंभार पिंपळगावात आहे. जिल्हा जालना, तालुका घनसावंगी. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब समर्थ याच तालुक्यातले. शिवारात ऊस, कापूस, तूर आणि मधूनमधून मोसंबीच्या बागा. लग्नसराईत लग्नांचे शूटिंग, एरवी गावोगावचे अखंड हरिनाम सप्ताह आणि त्यांतली कीर्तने यूट्यूबवर टाकण्याचे काम. आजवर ते लॅपटॉपवर भागले. आता कॅमेरे तीन झाले, चित्रण फोर-केमध्ये होऊ लागले आणि लॅपटॉप अडखळायला लागला. रात्री एक्सपोर्ट लावून झोपावे, तर सकाळी पडद्यावर एरर. तिकडे नवरीकडच्यांचे फोन सुरू झालेले.

मग दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारला जातो, “एडिटिंगसाठी चांगला पीसी केवढ्याला पडेल?” या प्रकरणात तोच प्रश्न मी दुसऱ्या टोकाने धरणार आहे. गावाच्या नावातच कुंभार आहे, तर त्याच्याकडूनच शिकू. कुंभाराकडे जाऊन कुणी नुसते “चांगलं मडकं द्या” म्हणत नाही. उन्हाळ्यात पाणी गार राहायला रांजण, वाहून आणायला घागर, दिवाळीला पणती. माती एकच, पण जाडी वेगळी, तोंड वेगळे, भाजणे वेगळे. कॉम्प्युटरचेही तसेच. काम काय आणि ते कुठे बसून करायचे, हे दोन प्रश्न सुटले की सुट्या भागांची यादी जवळजवळ आपोआप तयार होते.

आपले यंत्र आपण जुळवण्याची वाट

चित्र आणि आवाजाच्या कामासाठी यंत्राशी झटणे मराठी माणसाला नवे नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोके पाडायचे यंत्र, छपाईचे यंत्र अशी सामग्री पारखून घेऊन आले. कच्ची फिल्म त्या वेळी बिनभोकांची मिळे. घरात अंधार करून तिला कडेने भोके पाडायचे काम सरस्वतीबाईंनी केले. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, त्यामागे ही घरगुती कार्यशाळा होती.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर एक पाऊल पुढे गेले. त्यांनी कॅमेराच स्वतः बनवला. बंधू आनंदराव यांच्यासोबत सुरू केलेली ही धडपड आनंदरावांच्या निधनानंतरही त्यांनी सोडली नाही, आणि विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला. १९२० चा ‘सैरंध्री’ हा त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा चित्रपट. त्याच तालमीत घडलेले दामले, फत्तेलाल आणि व्ही. शांताराम पुढे १९२९ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रभात’चे आधारस्तंभ ठरले.

कॉम्प्युटरच्या बाबतीतही असे एक उदाहरण आपल्याकडे आहे. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. तिची धुरा अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेल्या विजय भटकर यांच्याकडे होती. खास घडवलेला एकच अवाढव्य प्रोसेसर मिळवण्याच्या मागे न लागता, बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या चिपा एकमेकींना जोडून त्यांच्याकडून एकत्र काम करून घ्यायचे, असे त्यांनी ठरवले. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. मिळतील ते भाग नीट समजून घेऊन जुळवले, तर मोठे काम उभे राहते, हे त्या यंत्राने दाखवले. तुमच्या टेबलावरचा पीसी त्या मानाने फार लहान, पण विचार तोच आहे.

आधी कच्चा माल मोजा

शेतकरी आधी एकर मोजतो आणि मग बियाणे आणतो. आपणही आधी किती डेटा येणार ते मोजू.

फोर-केच्या एका चौकटीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला तीन बाइट धरले तर एक चौकट सुमारे २५ एमबीची होते. सेकंदाला अशा २५ चौकटी, म्हणजे ६२२ एमबी. कॅमेऱ्यातले कार्ड एवढे पाणी झेलू शकत नाही, म्हणून कॅमेरा ते दाबून लिहितो. १०० मेगाबिटवर चित्रण केले तर सेकंदाला फक्त १२.५ एमबी लिहिले जातात, म्हणजे जवळजवळ पन्नासपट दाब. तरीही एका तासाला ४५ जीबी होतात. दोन तासांचे कीर्तन, तीन कॅमेरे : २७० जीबी. सप्त्याची सात कीर्तने आणि आठवे काल्याचे धरले तर दोन टीबीच्या वर.

आवाज त्या मानाने हलका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट असा एक ट्रॅक तासाला साधारण ५२० एमबी घेतो. महाराजांचा माइक, गायनाचार्य, मृदंगाची दोन तोंडे, पेटी, टाळकऱ्यांवरचे दोन माइक आणि श्रोत्यांकडचा एक असे आठ ट्रॅक दोन तास चालले, तर सव्वाआठ जीबी. साठवणीच्या दृष्टीने आवाज म्हणजे चित्राच्या पोत्यावर ठेवलेली पिशवी. मात्र कॉम्प्युटरकडून त्याची मागणी वेगळी असते आणि तीच पुष्कळदा दुर्लक्षित राहते. तिच्याकडे पुढे येऊ.

खातेवही आणि प्रोसेसर

पन्नासपट दाब कसा साधतो हे कळले की प्रोसेसर निवडणे सोपे होते. किराणा दुकानाची उधारीची वही आठवा. पानाच्या सुरुवातीला एकदा पूर्ण बाकी लिहिलेली असते, आणि पुढे रोज फक्त फरक : आज साखर, परवा तेल, मग काही जमा. कॅमेराही तेच करतो. एक चौकट पूर्ण लिहितो, नंतरच्या चौकटींत फक्त काय बदलले तेवढेच टिपतो. २००३ चे एच.२६४ आणि २०१३ चे एच.२६५ ही दोन्ही मानके अशीच चालतात. त्यामुळे जागा वाचते. पण कुणी येऊन “बावीस तारखेला बाकी किती होती?” असे विचारले, तर पानाच्या सुरुवातीपासून बेरीज करावी लागते.

एडिटिंगमध्ये तुम्ही हाच प्रश्न सेकंदागणिक विचारत असता. टाइमलाइनवर माउस मागेपुढे ओढला की प्रत्येक थांब्यावर कॉम्प्युटर वही उलटून बेरीज करतो, आणि तीन कॅमेरे एकदम पाहायचे तर तीन वह्या. लॅपटॉप अडखळतो तो इथे.

ही बेरीज करण्यासाठी प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक कार्डात वेगळा मुनीम बसवलेला असतो. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सचा हा भाग ‘क्विक सिंक’ नावाने ओळखला जातो. इथे एक बारीक गोष्ट पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचवते. इंटेलच्या काही प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो. तो थोडा स्वस्त मिळतो, कारण त्यात अंगभूत ग्राफिक्स चालू नसतात, म्हणजे क्विक सिंकही नाही. गेम खेळणाऱ्याला फरक पडत नाही, म्हणून त्याच्या यादीत ‘एफ’ सर्रास असतो. तीच यादी तुमच्या हाती पडली तर मुनीम दुकानातच राहतो.

दुसरी बारीक गोष्ट रंगाची. साध्या चित्रणात चार बिंदूंमागे रंगाची एक नोंद असते, त्याला ४:२:० म्हणतात. चांगले कॅमेरे दोन बिंदूंमागे एक नोंद ठेवतात, ते ४:२:२. शालूचा लाल, हळदीचा पिवळा, मांडवातले मिश्र दिवे नंतर सावरायचे असतील तर ४:२:२ आणि १० बिट फार उपयोगी पडते. पण एच.२६५ मधले हे चित्रण प्रत्येक मुनिमाला वाचता येत नाही. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ही सोय अकराव्या पिढीपासून आली. एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डांत ती आरटीएक्स ५० मालिकेपासून आली, त्याआधीच्या कार्डांत नाही. म्हणून बाजारात जाण्याआधी आपल्या कॅमेऱ्याचा मेनू उघडा, आपण कोणत्या प्रकारात चित्रण करतो ते कागदावर लिहा आणि तो कागद दुकानदारापुढे ठेवा. महागड्या प्रोसेसरपेक्षा कागदाचा हा तुकडा जास्त कामाचा आहे.

आहे त्या यंत्रावरही एक उपाय चालतो : प्रॉक्सी. मूळ फाइलची लहान, हलकी प्रत करून तिच्यावर कापाकापी करायची आणि शेवटी मूळ फाइल जोडून एक्सपोर्ट करायचे. प्रॉक्सीसाठी प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरसारखा प्रकार निवडला, तर त्यात प्रत्येक चौकट स्वतंत्र असते, जणू रोजची पूर्ण बाकी रोज लिहिलेली. नवे यंत्र घेण्याआधी महिनाभर प्रॉक्सीवर काम करून पाहा. कदाचित गरज वाटत होती त्याहून लहान निघेल.

रॅम, कार्ड, साठवण

हा भाग झटपट उरकता येतो. रॅम ३२ जीबी, तीही १६-१६ च्या दोन पट्ट्यांत घ्या, म्हणजे दोन वाटांनी एकदम वाहतूक होते. ग्राफिक कार्ड रंगकाम, इफेक्ट आणि चित्रातले दाणे काढण्याच्या कामात उपयोगी पडते. दा विंची रिझॉल्व्हसारखे सॉफ्टवेअर त्यावर फार विसंबते, आणि तिथे कार्डाच्या वेगाइतकीच त्याची स्वतःची मेमरी महत्त्वाची असते. आरटीएक्स ३०६० चा १२ जीबीचा प्रकार संपादकांच्या पसंतीला उतरला तो यामुळेच.

साठवणीची तीन कोठारे ठेवा. एका एनव्हीएमई एसएसडीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर. दुसऱ्या, दोन टीबीच्या एनव्हीएमईवर चालू काम. तिसरी मोठी हार्ड डिस्क, झालेल्या कामांची. साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीड-दोनशे एमबी वाचते, साटा एसएसडी साडेपाचशे, एनव्हीएमई तीन हजार आणि त्याहून पुढे. तीन कॅमेऱ्यांचे मिळून साडेसदतीस एमबी हा आकडा हार्ड डिस्कलाही जड नाही. पण तिची सुई तीन ठिकाणी एकदम धावू शकत नाही आणि तिथेच ती दमते.

आवाजाला लागते तत्परता

चित्राचे काम ताकदीचे, तर आवाजाचे तत्परतेचे. समजा, अभंग गायला एक मुलगी तुमच्या खोलीत आली आहे. कानावर हेडफोन, त्यात तंबोरा आणि तिचा स्वतःचा आवाज. तिचा आवाज माइकमधून ऑडिओ इंटरफेसमध्ये जातो, तिथून कॉम्प्युटरमध्ये, आणि परत तिच्या कानात. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, तांब्या भरला की उचलतो. त्या तांब्याला बफर म्हणतात.

बफर १०२४ नमुन्यांचा असेल, तर सेकंदाला ४८,००० नमुने या हिशेबाने एक तांब्या भरायला २१ मिलिसेकंद लागतात. जाताना एक, येताना एक, म्हणजे सुमारे ४३. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे त्या मुलीला आपलाच आवाज ४८ फुटांवर उभ्या असलेल्या माणसाचा ऐकावा तसा येतो. ती ताल सोडते आणि तिला वाटते आपलेच चुकले. बफर २५६ केला तर अंतर १२ फुटांवर येते, १२८ केला तर सहा फुटांवर. कीर्तनात महाराजांच्या मागे टाळकरी जेवढ्या अंतरावर उभे असतात, तेवढे. तिथे गळा सुखाने लागतो.

पण तांब्या लहान केला की उचलण्याच्या खेपा वाढतात. एक खेप चुकली की रेकॉर्डिंगमध्ये ‘टक्’ असा आवाज उरतो. खेपा न चुकवणारे यंत्र म्हणजे आवाजाच्या कामाचे यंत्र. त्यासाठी प्रोसेसरच्या एकेका गाभ्याचा वेग चांगला हवा, इंटरफेसचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर हवा, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय, अपडेट, अँटीव्हायरसची तपासणी बंद हवी. रेकॉर्डिंग झाले, मिक्सिंगला बसलात की बफर पुन्हा १०२४ करा. आता घाई नाही, आता ताकद हवी.

आवाजाची दुसरी मागणी शांततेची. १४० मिलिमीटरचा मोठा पंखा संथ फिरूनही तेवढीच हवा ढकलतो, जी लहान पंखा घरघरत ढकलतो. म्हणून कॅबिनेट मोठे घ्या, पंखे मोठे घ्या. जमले तर कॅबिनेट भिंतीपलीकडच्या खोलीत ठेवून भोकातून वायरी आणा. साध्या यूएसबीची केबल पाच मीटरच्या आत ठेवावी लागते, एवढे लक्षात असू द्या.

ऊन, धूळ आणि कापूस

पंख्यांच्या सगळ्या हिशेबावर मराठवाड्याचे ऊन स्वार होते. प्रोसेसरवरचा कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त हवा आणि प्रोसेसर यांच्यातला फरक आटोक्यात ठेवतो. समजा पूर्ण भारावर हा फरक ४५ अंशांचा आहे. एअर कंडिशनरच्या २५ अंशांत प्रोसेसर ७० वर राहील. मे महिन्यात पारा ४३ वर गेला आणि खोली पत्र्याखाली असली, तर तोच प्रोसेसर ८८ च्या पुढे. ९५-१०० च्या आसपास पोहोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. तुम्हाला फक्त एवढेच दिसते की जानेवारीत तासाभरात होणारे एक्सपोर्ट मेमध्ये दीड तास घेते.

म्हणून इथे कूलर एक पायरी मोठा घ्यायचा आणि प्रोसेसर एक पायरी कमी तापणारा. सर्वांत वरचे मॉडेल सोडून मधले घ्या, वाचलेले पैसे कूलरला लावा, आणि मोठी एक्सपोर्ट पहाटे चालवा.

उन्हानंतर धूळ. वेचणीच्या दिवसांत कापसाची तुसे हवेत असतात. ती जाळीवर बसतात, त्यांच्यावर धूळ बसते आणि पंधरा दिवसांत घोंगडीसारखा थर तयार होतो. हवा आत ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा आणि प्रत्येक आतल्या पंख्यापुढे काढता येणारी जाळी लावा. मग कॅबिनेटच्या फटींमधून हवा बाहेरच पडते, धूळ आत शिरत नाही. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवायची. हा नेम पाळला तर यंत्राचे आयुष्य वाढते.

वीज आणि अर्थिंगचा खड्डा

आता जो विषय भागांच्या यादीत कधीच नसतो, तो. वीज. शिवारातल्या मोटारी चालू झाल्या की दाब घसरतो, मध्येच पुरवठा जातो, आला की झटका देऊन येतो. एसएमपीएस हा कॅबिनेटमधला सर्वांत अनाकर्षक डबा, पण बाकी सगळ्यांचा जीव त्याच्या हाती. नामांकित, ‘८० प्लस’ प्रमाणपत्राचा, ६५० वॉटचा घ्या. १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेला असेल तर घसरलेल्या दाबातही तो तग धरतो.

भार मोजा : प्रोसेसर १५०, आरटीएक्स ३०६० सारखे कार्ड १७०, बाकी ८०, एकूण ४०० वॉट. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, म्हणजे ऐन एक्सपोर्टमध्ये तो हात टेकणार. १००० व्हीएचा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवणार असाल तर त्याच्या मागचे बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का पाहा. दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलायला जो क्षण लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडू शकतो.

आणि अर्थिंग. हा धडा मी स्वतः ठेच लागून शिकलो. एका मंदिराच्या सभामंडपात कीर्तनाचे रेकॉर्डिंग केले. घरी येऊन ऐकतो तर सगळ्या ट्रॅकखाली ‘हूंऽऽ’ असा सूर. फिल्टर लावून काढायला गेलो तर त्याच्याबरोबर मृदंगाचा घुमाराही गेला, कारण दोघेही खालच्या सप्तकातले शेजारी. डाव्या तोंडाला कणीक लावून ज्या माणसाने तो घुमारा कमावला होता, त्याचे अर्धे वादन मी धुऊन टाकले. पुढच्या वेळी मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर घेतले, केबल बॅलन्स्ड एक्सएलआर वापरली, आणि सूर नाहीसा झाला.

कारण साधे आहे. आपली वीज ५० हर्ट्झने थरथरते. दोन यंत्रे दोन ठिकाणच्या अर्थिंगला जोडलेली असली आणि त्या दोन अर्थिंगमध्ये थोडा जरी फरक असला, तर तो फरक ऑडिओच्या वायरीतून वाहतो आणि ५०, १००, १५० हर्ट्झचा सूर लावून देतो. म्हणून स्टुडिओतली सगळी यंत्रे एकाच बोर्डावर घ्या आणि त्या बोर्डाला खरे अर्थिंग द्या : पट्टी पुरलेला, कोळसा-मीठ घातलेला खड्डा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, ओल जाते आणि अर्थिंगही कमजोर होते. तेव्हा झाडांबरोबर त्या खड्ड्यालाही घागरभर पाणी घाला. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला दाब मोजून घ्या, तो दोन-तीन व्होल्टच्या वर नसावा. सूर जावा म्हणून प्लगची तिसरी पिन कापणे हा जिवाशी खेळ आहे. तो कधीही करू नका.

जुळवणी

भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावरून, आणा किंवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून. प्रत्येक भागाचे जीएसटी बिल आणि वॉरंटीचा कागद वेगळा मागून घ्या. पैसे कमी पडले तर रंगीत दिव्यांवर, काचेच्या कॅबिनेटवर कात्री लावा. एसएमपीएस, यूपीएस आणि बॅकअपची डिस्क यांना हात लावू नका.

जुळवायला पाऊण दिवस ठेवा. पंखा बंद, टेबल पुसलेले. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या लोखंडाला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा आणि वरून अलगद ठेवा. तो आपल्या वजनाने बसला पाहिजे, दाबायचा नाही. सॉकेटच्या पिना केसासारख्या असतात, एक वाकली तर मदरबोर्ड गेला. रॅमच्या दोन पट्ट्या सहसा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात, तरी पुस्तिकेत पाहून घ्या. ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत दाबा. प्रोसेसरवर थर्मल पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, जास्त नको. कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची पारदर्शक फीत काढली का, हे दोनदा पाहा. ती राहून गेल्यामुळे तापलेली यंत्रे पुष्कळ आहेत.

मग मदरबोर्ड कॅबिनेटमधल्या पितळी पायांवर बसवा, एसएमपीएस लावा, शेवटी ग्राफिक कार्ड. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही. चालू केल्यावर बायॉसमध्ये जाऊन दोन गोष्टी करा : रॅमचा खरा वेग मिळावा म्हणून एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा, आणि कार्ड लावल्यावरही प्रोसेसरचे अंगभूत ग्राफिक्स जागे राहतील असे ठेवा. नाहीतर ज्याच्यासाठी ‘एफ’ टाळला तो मुनीम झोपूनच राहील.

वाजवून घ्या

मडके घेताना आपण ते कानाशी धरून बोटाने वाजवतो. खणखणीत वाजले तर पक्के, बद्द वाजले तर कुठेतरी चीर आहे. नवा पीसीही वाजवून घ्यायचा, तोही दुकानदार भाग बदलून देईल त्या मुदतीत. रॅमची तपासणी रात्रभर चालवा. मग आपलेच एक जुने काम घ्या, तीन कॅमेऱ्यांचे, आणि भर दुपारी दोन वाजता पूर्ण एक्सपोर्ट लावा. तापमानाचा आकडा पाहत बसा. बफर १२८ वर ठेवून अर्धा तास रेकॉर्डिंग करा आणि हेडफोन लावून एकही ‘टक्’ नाही याची खात्री करा. एक्सपोर्ट चालू असतानाच यूपीएसचा प्लग काढून पाहा.

आणखी एक परीक्षा आपल्या लिपीची. टायटलमध्ये ‘वऱ्हाड’ हा शब्द लिहा. त्यातला ऱ्ह नीट उमटला, मोडला नाही, तर बाकी जोडाक्षरांचीही फारशी चिंता नाही. प्रीमिअर प्रोमध्ये त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचे टेक्स्ट इंजिन निवडावे लागते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवलेले मुक्त आणि बालू हे युनिकोड फाँट मोफत मिळतात आणि मोठ्या पडद्यावर स्वच्छ दिसतात. लग्नाच्या व्हिडिओत नवरीचे आडनाव मोडके उमटणे हा तांत्रिक दोष असला, तरी त्या घराला तो अपमान वाटतो.

शेवटी बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणींवर, त्यांतली एक घराबाहेर, समजा मामाच्या कपाटात. पीसी बिघडला तर भाग बदलता येतात. पण लग्न पुन्हा लागत नाही, आणि एखाद्या वृद्ध कीर्तनकाराचे ते कीर्तन शेवटचे असू शकते. आज आपल्या गावोगावच्या मृदंगाची, ओव्यांची, बोलीची नोंद अशाच छोट्या खोल्यांतून होते आहे. पन्नास वर्षांनी कुणी ऐकायला बसेल, तेव्हा त्याला तुमचा प्रोसेसर कोणता होता हे ठाऊक नसेल. त्याला फक्त तो घुमारा ऐकू येईल, किंवा येणार नाही. त्याला तो स्वच्छ ऐकू यावा, एवढ्यासाठी कागद घ्या आणि आपले काम लिहून काढा. सुट्या भागांची यादी त्याच्याखाली येईल.